परसातला सांधा

अमेरिकेत घरामागचा लाकडी डेक कोसळतो तेव्हा खांब मोडलेला क्वचितच सापडतो. डेक घरापासून सुटलेला असतो. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर, जोत्याच्या उंचीवर केलेला फळ्यांचा हा ऐसपैस ओटा. त्याची एक कड परसातल्या खांबांवर टेकते आणि दुसरी घराच्या भिंतीला आडव्या बसवलेल्या एका जाड फळीवर. त्या फळीला लेजर म्हणतात. जवळजवळ निम्मं ओझं तिच्यावर असतं. ती निसटली की माणसांना बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. आणि ती निसटते ती बहुधा वाढदिवसाला, पार्टीला, सगळे फोटोसाठी एका बाजूला गोळा होतात तेव्हा. एरवी तिच्यावर पुरता भार आलेलाच नसतो.

२९ जून २००३ रोजी शिकागोच्या लिंकन पार्क भागात एका तिमजली इमारतीच्या मागचे लाकडी सज्जे पार्टी चालू असताना एकावर एक कोसळले. १३ जण गेले. हे बांधकाम परवाना न घेता झालेलं होतं. जून २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे वरच्या मजल्यावरचा एक सज्जा असाच तुटला आणि सहा तरुण मुलं गेली. तिथं आतलं लाकूड पाणी मुरून कुजलं होतं. बाहेरून काही दिसत नव्हतं.

हे दोन्ही सज्जे घरमालकाने हौसेनं बांधलेले नव्हते. पैसे घेऊन काम करणाऱ्यांनी ते बांधले होते. मग हौशी माणसाने हा विषय किती गांभीर्याने घ्यायला हवा! विजेच्या हत्यारांनी लाकूड कापणं, भोक पाडणं, तासणं इतकं सोपं केलं आहे की ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या करवत नव्हती, तोही उन्हाळ्याच्या सुट्टीत डेक उभा करतो. जोडणं मात्र त्या प्रमाणात सोपं झालेलं नाही. ते सोपं दिसायला लागलं आहे एवढंच.

न्यू जर्सीत एका मराठी घरी असं काम चालू असताना मी गेले होते. घर सांगलीकडच्या जोडप्याचं. नोकऱ्या दोघांच्याही कॉम्प्युटरसमोर बसून करायच्या, पण गॅरेजमधली हत्यारं बायकोची. नवरा धरायला, उचलायला आणि झाडून काढायला. मी पोहोचले तेव्हा अजून एकही फळी कापलेली नव्हती. परसातल्या गवतावर रंगाचे पट्टे मारलेले होते. खणायच्या आधी तिथं ८११ या नंबरला फोन करावा लागतो. २००७ पासून हा एकच नंबर देशभर चालतो. मग जमिनीखालच्या वाहिन्या आखायला माणसं येतात आणि रंगाने खुणा करून जातात. पिवळा गॅसचा, तांबडा विजेचा, निळा पिण्याच्या पाण्याचा, नारिंगी टेलिफोन-केबलचा, हिरवा सांडपाण्याचा. तिच्या परसातला पिवळा पट्टा नेमका एका खांबाच्या जागेवरून गेला होता. तिने खांब सरकवला. त्यामुळे दोन खांबांमधलं अंतर वाढलं, म्हणून वरची तुळई जाड धरली, नकाशा नव्याने काढला आणि पुन्हा टाउनशिपच्या ऑफिसात नेऊन दिला.

खांबांचे खड्डे जवळपास कमरेइतके खोल होते. डेकची उंची माणसाच्या मांडीएवढी, मग खड्डे इतके खोल कशाला, असं कुणालाही वाटेल. पण थंडीत तिथं जमिनीतलं पाणी गोठतं, फुगतं आणि वर जे असेल ते उचलतं. पाया त्या गोठणाऱ्या थराखाली पोहोचला नाही, तर दर हिवाळ्यात खांब थोडा वर येतो, बर्फ वितळल्यावर पहिल्या जागी नीट बसत नाही, आणि ही सगळी ओढाताण शेवटी भिंतीवरच्या त्या फळीला सोसावी लागते. काँक्रीट ओतण्याआधी इन्स्पेक्टर आला. त्याने प्रत्येक खड्ड्यात टेप सोडली, टॉर्च मारून तळ पाहिला. एका खड्ड्यात कडेची माती ढासळून तळाशी पडली होती. ती त्याने आपल्यासमोर काढायला लावली. सुट्या मातीवरचं काँक्रीट खचतं, म्हणाला, आणि कागदावर सही करून गेला.

सांगलीहून आलेली तिची आई हे सगळं मागच्या दारातून बघत होती. “अगं, माणूस लावला असता की एखादा,” ती म्हणाली.

“आई, माणूस लावला तर याच्या तिप्पट पैसे जातात इथं.”

“आणि बोटाबिटाला लागलं म्हणजे?”

त्यावर मुलगी काही बोलली नाही. तिने चष्मा लावला आणि कानात बोळे घातले.

माणूस महाग आणि लाकूड त्या मानाने स्वस्त, यातूनच अमेरिकेतला हा सगळा प्रकार वाढला. विजेचं हातड्रिल जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ सालीच बनवलं होतं, पण ते कारखान्याच्या कामाचं. बाल्टिमोरमध्ये १९१० साली भागीदारी केलेल्या डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर यांनी त्याला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली चाप बसवला. त्याचं पेटंट त्यांना १९१७ मध्ये मिळालं. दुसरा हात मोकळा झाला, काम धरता यायला लागलं. तरी ते यंत्र दहा किलोच्या घरात होतं आणि किंमत होती २३० डॉलर. घरात कोण घेणार? दुसऱ्या महायुद्धात युद्धसामग्रीच्या कारखान्यांतले कामगार ड्रिल घरी घेऊन जातात आणि ती परत येत नाहीत, हे कंपनीच्या लक्षात आलं, असं सांगतात. १९४६ मध्ये ब्लॅक अँड डेकरने घरगुती पाव इंची ड्रिल काढलं आणि किंमत ठेवली १६ डॉलर ९५ सेंट.

वेळ अचूक होती. लढाईवरून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीवर घरासाठी कर्ज मिळत होतं. न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटाउन उभं राहत होतं. एकाच साच्यातली हजारो छोटी घरं, वरचा माळा अर्धवट सोडलेला. तो ज्याचा त्याने पुरा करायचा. कृष्णवर्णीयांना मात्र तिथं घर मिळत नव्हतं. करारातच तशी अट होती, आणि आपल्या हाताने घर वाढवण्याच्या या कौतुकाच्या कहाणीत ती गाळून चालणार नाही. ऑगस्ट १९५४ मध्ये टाइम साप्ताहिकाने ‘स्वतःच करा’ या लाटेवर मुखपृष्ठ केलं. तोवर ड्रिलच्या जोडीला करवत आली होती. तिची सुरुवात लुइझियानातल्या उसाच्या फडातली. कोयत्याने ऊस तोडणारे मजूर पाहून एडमंड मिशेल या माणसाने मोटर लावलेला कोयता तयार केला. त्याच खटाटोपातून पुढे १९२४ च्या सुमारास हातात धरून चालवायची गोल पात्याची करवत आली आणि पुढे ती स्किलसॉ या नावाने ओळखली जाऊ लागली.

ती करवत प्रत्यक्ष चालताना जवळून पाहायला हवी. सव्वासात इंची पातं मिनिटाला साडेपाच हजार फेरे घेतं. हिशेब केला तर कडेचा प्रत्येक दात ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने जात असतो. पात्यात हात गेला तर काय, हीच भीती सगळ्यांना असते. पण धोक्याची खरी जागा वेगळी आहे. फळी दोन लाकडी घोड्यांवर दोन टोकांना टेकवून मधोमध कापायला घेतली, की काप पुढे जाईल तशी ती मध्ये खचते, कापाचे दोन्ही काठ जवळ येतात आणि पात्याला चिमटा बसतो. पातं थांबत नाही. करवतच उसळते आणि उलटी माणसाच्या अंगावर येते. म्हणून कापून पडणारा तुकडा मोकळा पडेल अशीच फळी टेकवायची, आणि करवतीच्या सरळ मागे उभं राहायचं नाही. सांगलीची ती मुलगी प्रत्येक कापाआधी फळी कुठे टेकली आहे हे खाली वाकून बघत होती, आणि तुकडा ज्या बाजूला पडणार तिथून नवऱ्याला हाताने बाजूला करत होती. हे तिला कुणी शिकवलं, विचारलं. शेजारच्या म्हाताऱ्या सुताराने, म्हणाली. त्याने तिला आठवडाभर नुसते तुकडे कापायला लावले होते.

टेबलाला बसवलेली करवत यापेक्षाही घातक. अमेरिकेत तिच्यामुळे दरवर्षी सुमारे तीस हजार माणसं दवाखान्यात जातात. स्टीव्ह गॅस या पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केलेल्या पेटंट वकिलाने त्यावर उपाय काढला. पात्यात अगदी बारीक विद्युतसंकेत सोडायचा. कातडी टेकली की तो बदलतो, लगेच अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसतो आणि पातं सेकंदाच्या दोनशेव्या भागात थांबतं. बोटावर ओरखडा उमटतो, बोट राहतं. ‘सॉस्टॉप’ नावाने ही करवत मिळते. किंमत आणि पेटंट यांवरून तिच्याभोवती वीस वर्षं वाद चालला. मला विचाराल तर बोट वाचवणाऱ्या गोष्टीवर इतका काळ घालवणं हे त्या धंद्याला शोभणारं नव्हतं.

आता जोडण्याकडे. आपल्याकडच्या जुन्या वाड्यात कडीपाटाखाली उभं राहून वर बघावं. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला कुसू, आणि दोन्ही एकमेकांत इतकी घट्ट बसवलेली की खिळ्यावाचून पिढ्या गेल्या. तो सांधा सुताराच्या पटाशीत आणि नजरेत होता. तो शिकायला उमेदीची वर्षं जात. अमेरिकेतही पूर्वी घरं अशीच बांधत. १८३० च्या दशकात शिकागोच्या आसपास वेगळी पद्धत आली. जाड तुळया सोडून दिल्या, पातळ पट्ट्या जवळजवळ उभ्या केल्या आणि यंत्रावर बनलेल्या स्वस्त खिळ्यांनी ठोकल्या. सुताराचा सांधा गेला, खिळा आला. घर बांधायला उस्ताद लागेना. परसातला हौशी माणूस आज जे बांधू शकतो त्याचं मूळ मोटरीइतकंच या खिळ्यात आहे.

खिळ्याला मर्यादा असते. आडवा भार तो चांगला पेलतो, पण सरळ ओढला तर सुटून येतो. भिंतीला नुसत्या खिळ्यांनी ठोकलेलं लेजर नेमकं असंच सुटतं. १९५६ साली कॅलिफोर्नियात बार्कले सिम्प्सन यांनी जॉइस्ट हँगर करायला घेतले. जॉइस्ट म्हणजे डेकच्या आडव्या कड्या, आणि हँगर म्हणजे त्यांना झेलणारी पत्र्याची झोळी. आज डेकमध्ये अशा वस्तू डझनावारी लागतात. वाड्यातल्या सुताराच्या हातात जे होतं ते आता या दुमडलेल्या पत्र्यात आणि बांधकामाच्या नियमांच्या पुस्तकात आहे. गंमत म्हणून नाही, अगदी शब्दशः. पत्र्याला जितकी भोकं तितके खिळे, ते कंपनीने सांगितलेल्या जाडीचेच. जिप्समच्या पाट्या बसवायचा काळा स्क्रू तिथं वापरला तर तो वाकत नाही, तडकून तुटतो. दुकानात तो सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत पुढे मांडलेला असतो.

त्या घरी लेजर बसवायला, मला वाटतं, सगळ्या कापाकापीपेक्षा जास्त वेळ लागला. आधी भिंतीवरचं प्लॅस्टिकचं आवरण कापून काढलं, कारण त्याच्यावरून फळी आवळली तर मध्ये पोकळी राहते. आतलं लाकूड टोचणीने टोचून बघितलं. कुजलेलं असतं तर टोचणी लोण्यासारखी आत गेली असती. वरून पत्र्याची पट्टी अशी सरकवली की भिंतीवरून आलेलं पाणी फळीच्या मागे न जाता पुढे गळावं. मग अर्धा इंची बोल्ट, एक वर एक खाली असे, म्हणजे सगळे एकाच रेषेत येऊन लाकूड लांबीने चिरणार नाही. नियमाप्रमाणे डेकने दर चौरस फुटाला ४० पौंड वजन पेलायला हवं, चौरस मीटरला साधारण १९५ किलो. बारा बाय सोळाच्या डेकला हे साडेतीन टनांच्या आसपास जातं. त्यातला निम्मा भार या बोल्टांच्या ओळीवर. तो आकडा तिने फळीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवला होता.

इन्स्पेक्टर दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने फळ्यांचा तुकतुकीतपणा पाहिला नाही. डेकखाली आडवा होऊन त्याने बोल्ट मोजले, हँगरची रिकामी भोकं शोधली. कठड्याच्या गजांमधून चार इंची गोळा जातो का पाहिलं. जात असेल तर लहान मुलाचं डोकं अडकू शकतं.

लाकूड बाहेर उन्हापावसात टिकावं म्हणून त्यात दाबाखाली औषध मुरवलेलं असतं. अमेरिकेत अनेक दशकं त्यासाठी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण वापरलं गेलं. ते शोधलं सोंटी कामेसम या भारतीय शास्त्रज्ञाने, १९३३ साली, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत. वाळवी आणि बुरशी या आपल्या दोन जुन्या शत्रूंवर काढलेला तोडगा जगभरच्या परसांत पोहोचला. पुढे आर्सेनिक झिरपून मुलांच्या हातांना आणि खेळण्याच्या जागेतल्या मातीला लागतं हे दिसलं, आणि २००३ अखेरीस तिथल्या घरगुती कामांतून हे लाकूड हटवलं गेलं. बदली आलेल्या औषधांत तांब्याचं प्रमाण जास्त आहे. त्यामुळे लाकूड टिकतं, पण साधा खिळा आणि पातळ जस्ताचा पत्रा लवकर गंजतो. म्हणजे एका बाजूचा धोका कमी झाला आणि सांध्यावरचा वाढला. आता जाड जस्त चढवलेलं किंवा स्टेनलेस स्टीलचंच सामान घ्यावं लागतं. जुना डेक पाडणाऱ्याने ते हिरवट लाकूड शेकोटीत घालू नये, धूर विषारी असतो.

आपल्याकडे लाकडाला हात लावायचा तो सुताराने. करवत, वाकस, रंधा, गुण्या, गिरमीट त्याचं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा तो करायचा आणि बलुतं मिळालं की वर्षभर गावाची औतं, मोटा, दारं सांभाळायचा. बाकीच्यांनी हत्यार उचलायचं कारण नव्हतं, आणि उचललं तर त्यात कमीपणा होता. जातीने हात आणि डोकं वेगळं केलं, त्याचं नुकसान आपण अजून भोगतो आहोत. ते भरून काढायचा महाराष्ट्रातला सगळ्यांत प्रामाणिक प्रयत्न मला पाबळचा वाटतो. शिरूर तालुक्यातल्या या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतल्या मुलांनी ड्रिल, वेल्डिंग, बांधकाम हे हाताने करावं आणि करता करता विज्ञान शिकावं, ही त्यांची पद्धत. अमेरिकेतल्या एमआयटीची फॅब लॅब, म्हणजे यंत्रांची खुली कार्यशाळा, त्या देशाबाहेर जिथे पहिल्यांदा निघाली त्या ठिकाणांत पाबळ होतं, २००२ साली. आश्रमात बांधतात ते घुमट त्रिकोण जोडून उभे राहतात. सगळी ताकद जोडणीत. पोरं ते स्वतः आवळतात.

हत्यारंही आपल्याकडे नवी नाहीत. मुलुंडला रॅलिवुल्फची ड्रिलं बनत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळला कुलकर्णी पॉवर टूल्स १९७६ मध्ये सुरू झाली. आता बॅटरीवरची ड्रिलं मोबाइलच्या किमतीत मिळतात आणि शहरातली तरुण मंडळी हौसेनं घेतात. चांगली गोष्ट आहे. पण ज्या कामाच्या जागांवर ही मंडळी बघून शिकतात तिथली अवस्था वाईट आहे. पुण्यातल्या कुठल्याही नव्या सोसायटीत फर्निचरचं काम चालू असलेल्या फ्लॅटमध्ये जावं. प्लायच्या तुकड्यांचं एक टेबल असतं आणि त्याला खालून मार्बल कटर उलटा आवळलेला असतो. पातं वर निघालेलं, त्यावर झाकण नाही, कापात चिमटा बसू नये म्हणून पात्यामागे असायला हवी ती पट्टीही नाही. चाप वायरने बांधून कायम चालू ठेवलेला. कटर मुळात फरशी कापायला बनवलेला, मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेणारा, त्याला दातेरी पातं लावलेलं. अशा एका टेबलाशी राजस्थानातून आलेला सुतार काम करत होता. सूतभर फरक न होता सनमाईका कापत होता, इतका हात बसलेला. झाकण का नाही, विचारलं. “झाकण लावलं की पातं दिसत नाही. आणि शेठला तर आठवड्यात काम पाहिजे.” नाकावर त्याच्या रुमाल होता. लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे, नाकाच्या आतल्या पोकळीचा कर्करोग तिच्याने होतो, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे. प्लायच्या धुळीत वर चिकटवायचं रसायन. दाराला मास्कचं पाकीट टांगायला किती खर्च येतो? घरमालक फर्निचरवर काही लाख घालवतो. त्याने हे टेबल बदलून मागितलं, ठेकेदाराला पैसे देताना तशी अट घातली, तर ते बदलेल. दुसरं कुणी बदलणार नाही.

आपल्याकडे परस राहिलेलं नाही. हौस निघते ती गच्चीवर. बंगल्याच्या किंवा रो-हाउसच्या गच्चीवर लाकडी मांडव, त्यावर पारदर्शक पत्रा, खाली झोपाळा आणि कुंड्या. अमेरिकेतल्या डेकवर भार खाली येतो. गच्चीवरच्या मांडवाचं उलट असतं. वळवाचा वारा पत्र्याखाली शिरतो आणि सगळं वर उचलू बघतो. तिथं खांब दाबला जात नाही, उपटला जातो. आणि खांब बसवलेला असतो कुठे? बहुतेक वेळा कठड्याला, चार बोल्ट मारून. कठडा साडेचार इंची, अर्ध्या विटेचा, आत पोकळ्या असलेला. ड्रिल त्यात तुपात सुरी शिरावी तसं शिरतं, म्हणून काम झकास झालं असं वाटतं. स्लॅबमध्ये भोक पाडावं तर वॉटरप्रूफिंग फुटतं आणि पहिल्याच पावसात खालच्या खोलीत ओल येते. त्यामुळे लोक पुन्हा कठड्याकडेच वळतात.

यावर उपाय आहेत. खांबाचं ओझं आणि ओढ स्लॅबखालच्या तुळईवर जाईल अशी जागा निवडता येते. खांबाखाली काँक्रीटचा लहान चौथरा ओतून, वॉटरप्रूफिंग त्याच्या कडेने वर चढवून घेता येतं. वाड्यातला खांब तळखड्यावर उभा असायचा तो ओलीपासून दूर राहावा म्हणूनच. पत्रा सगळीकडून बंद न करता वारा जायला फट ठेवता येते. आणि बोल्टपेक्षा रसायनाने चिकटवायचे अँकर घ्यावेत, चांगल्या कंपन्या त्यांच्यासोबत तक्ता देतात. किती जाडीचा, किती खोल बसवला, तर किती किलो ओढ सोसेल, काँक्रीटला किती आणि भरीव विटेला किती, असं त्यात वेगवेगळं दिलेलं असतं. दुकानात ड्रिलचे वॅट विचारणारे पुष्कळ भेटतात. हा तक्ता मागून घ्यावा. पत्र्याचं क्षेत्रफळ आणि आपल्या भागातला वाऱ्याचा वेग सांगितला तर कुठलाही स्ट्रक्चरल इंजिनिअर किती ओढ येईल ते काढून देतो, त्याची फी झोपाळ्यापेक्षा कमी असते. आपल्या कठड्यासारख्या भिंतीचा आकडा त्या तक्त्यात नसेल, तर तिथं भोक पाडू नये.